पगारी वकीलबाई

चेक परत आला की बँकेचा मेमो आधी अकाउंट्सच्या टेबलावर येतो आणि तिथून थेट माझ्याकडे. मी त्यावर लाल पेनाने तारीख टाकते. चेक वटला नाही हे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांच्या आत समोरच्याला नोटीस गेली पाहिजे. नोटीस हातात पडल्यावर पैसे भरायला त्याला 15 दिवस. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडे माफी मागता येते. नोटिशीला झालेला उशीर मात्र माफ होत नाही. आमच्याकडे याला सगळे नुसतं ‘एकशे अडतीस’ म्हणतात. परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम 138 हे भारदस्त नाव मीसुद्धा कागदावरच लिहिते.

जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइप बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत मी विधी अधिकारी आहे. आमचे डीलर खानदेशात, विदर्भात आणि पलीकडे बऱ्हाणपूर-खंडव्यापर्यंत पसरलेले. उन्हाळ्यात शेतकरी पाइपलाइन टाकतो, तेव्हा माल उधारीवर जातो. कापूस विकला गेला की वसुली सुरू होते. कापसाचा भाव पडला की माझ्या टेबलावरचे मेमो वाढतात. बाजार समितीतले भाव मी कायद्याच्या पुस्तकाइतक्याच लक्ष देऊन वाचते, ते यामुळे.

गाव माझं बोदवड. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लाइनवरचं. वडील जिनिंगमध्ये दिवाणजी होते. जळगावच्या मणियार लॉ कॉलेजातून एलएलबी केलं, सनद घेतली, काही वर्षं भुसावळच्या कोर्टात वकिली केली आणि मग नोकरी धरली. बाई वकील झाली याचं आमच्या तालुक्याला नवल वाटू नये. प्रतिभाताई पाटलांचा जन्म इथल्याच नाडगावचा. मुंबईत कायदा शिकून त्यांनी जळगावच्या कोर्टात वकिली केली, 1962 मध्ये त्या आमदार झाल्या आणि 2007 मध्ये राष्ट्रपती. पण कोर्ट सोडून कंपनीत गेलेली वकील हा प्रकार गावाला अजून उलगडलेला नाही. सणावाराला गेले की ओट्यावरून हमखास विचारणा होते, ‘‘वकीलबाई, कोर्टात नही दिसत वो आता?’’ त्यामागचा न विचारलेला प्रश्न मला ऐकू येतो: वकिली चालली नाही का?

खरी गोष्ट अशी की मला आता कोर्टात उभं राहता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 49 सांगतो की वकिली करणाऱ्याने कुणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही. नोकरी धरली तर बार कौन्सिलला तसं कळवायचं आणि वकिली थांबवायची. त्याप्रमाणे माझी सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे स्थगित आहे. पूर्वी सरकारी आणि सार्वजनिक महामंडळांतल्या विधी अधिकाऱ्यांना या नियमातून थोडी वाट होती. हिमाचल प्रदेशच्या वीज मंडळातल्या एका विधी अधिकाऱ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, 2001 मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध लागला आणि त्याच वर्षी बार कौन्सिलने ती सवलतही काढून टाकली. नियमामागची भूमिका सरळ आहे. वकील हा आधी न्यायालयाचा अधिकारी. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा मालकाला ‘हे करू नका’ असं कसं सांगणार?

प्रश्न रास्त आहे. पण ‘हे करू नका’ असं सांगणं हीच माझी खरी नोकरी आहे असं मी म्हणेन. बाकीचं काम कुणीही हुशार कारकून शिकेल.

एक उदाहरण देते. डीलरशिप देताना बहुतेक कंपन्या सही केलेले कोरे चेक तारण म्हणून ठेवून घेतात. एका डीलरकडे आमचे पाच लाख अडकले होते. त्यातले तीन त्याने आरटीजीएसने भरले आणि मग फोन उचलणं बंद केलं. मार्केटिंगचे साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, चेक तर आपल्याकडेच पडलाय. पाच लाखांचा टाका, आपोआप येईल भेटायला.’’ धंद्याच्या हिशेबाने बिनतोड वाटावं असं बोलणं. मी नाही म्हटलं. दशरथभाई पटेल खटल्यात ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की काही रक्कम मिळालेली असताना त्याची नोंद चेकवर न करता पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकला आणि तो परत आला, तर एकशे अडतीसचा गुन्हा होत नाही. चेक टाकायचा त्या दिवशी तेवढं येणं खरोखर असलं पाहिजे. म्हणजे आम्ही खटला हरलो असतो आणि डीलरच्या हाती आयतं कोलीत दिलं असतं.

प्रकरण शेठपर्यंत गेलं. शेठ चिडले. ‘‘मी तुम्हाला पगार आपल्या बाजूने बोलायला देतो,’’ म्हणाले. ‘‘शेठ, मी आपल्याच बाजूने बोलतेय,’’ एवढंच मी उत्तर दिलं आणि संध्याकाळी तेच मुद्दे एका पानाच्या टिपणात लिहून त्यांच्याकडे पाठवले. तोंडी ‘नाही’ दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. लेखी ‘नाही’ मात्र फाइलला लागतं आणि मग निर्णय घेणाऱ्यालाही त्याचं वजन जाणवतं. पुढे मी आणि अकाउंट्सचे कुलकर्णी डीलरच्या दुकानावर गेलो, खातं जुळवलं, उरलेल्या दोन लाखांच्या कबुलीवर त्याची सही घेतली. दोन हप्त्यांत पैसे आले. तो आजही आमचा डीलर आहे.

त्या सहीबद्दल थोडं सांगते, कारण ती लहान दुकानदारालाही उपयोगी पडेल. उधारीच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं. ती संपायच्या आत देणेकऱ्याने लेखी कबुली देऊन सही केली, तर मुदत कायद्याच्या कलम 18 नुसार तिथून पुन्हा नवी तीन वर्षं मोजली जातात. म्हणून दरवर्षी 31 मार्चनंतर आम्ही प्रत्येक डीलरला खातेउतारा पाठवतो आणि ‘बाकी बरोबर आहे’ अशी सही घेतो. सेल्सच्या पोरांना हा जाच वाटतो. माझ्या लेखी कंपनीतला हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

कोर्टात उभं राहता येत नाही असं म्हटलं, ते अर्धंच खरं. कंपनी स्वतः चालत कोर्टात येऊ शकत नाही, तिच्या वतीने कुणीतरी माणूस लागतो. संचालक मंडळाचा ठराव करून ते अधिकारपत्र बहुधा मलाच देतात. मग वकीलपत्र घेतलेले आमचे वकील साहेब युक्तिवाद करतात आणि मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहते. ए. सी. नारायणन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2013 च्या निकालानंतर तर नुसतं अधिकारपत्र पुरत नाही. व्यवहाराची स्वतःला माहिती आहे हेही सांगावं लागतं. ज्यांच्याबरोबर एके काळी मी बार रूममध्ये चहा घेतला, ते विरुद्ध बाजूचे वकील मला उलटतपासात विचारतात, ‘‘माल उतरवताना तुम्ही हजर होता का?’’ पहिल्यांदा हे झालं तेव्हा अंगावर काटा आला होता. त्यानंतर मी डिस्पॅचच्या शेडमध्ये जाऊन बसायला लागले. गाडी कशी भरतात, पावतीवर कोण सही करतं, वजनकाट्याची चिठ्ठी कुठल्या फाइलला जाते, हे पाहिलं. गेट पासच्या तीन प्रतींपैकी ड्रायव्हरच्या हाती जाणारी प्रत परत येतच नाही हे मला तिथे कळलं, आणि पोचपावतीचा कागद आम्ही बदलला.

कंपनीतल्या वकिलाचं शिक्षण असं होतं. लॉ कॉलेजात करार शिकवतात, पण तो करार ज्या शेडमध्ये पाळला किंवा मोडला जातो ती शेड कुणी दाखवत नाही.

शेतकऱ्याची तक्रार आली की हे आणखी लख्ख दिसतं. ‘पाइप फुटला’ म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात प्रकरण येतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करायची सोय दिली, म्हणजे विदर्भातल्या शेतकऱ्याला कंपनीच्या गावी हेलपाटे घालायला नकोत. आम्हाला उत्तर द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे एकही दिवस मिळत नाही, हे घटनापीठाने मार्च 2020 मध्ये कायमचं ठरवून टाकलंय. नोटीस आली की मी लगेच क्वालिटीच्या माणसाला घेऊन शेतावर जाते. पाइपवर आयएस 4985 हा मानक क्रमांक, दाबाचा वर्ग आणि लॉट नंबर छापलेला असतो. पुष्कळदा असं निघतं की अडीच किलो दाबाचा पाइप त्याहून कितीतरी जास्त दाबाच्या मोटारीला जोडलाय. दुकानदाराने स्वस्त म्हणून दिला, शेतकऱ्याने विश्वासाने घेतला.

आता इथे कायद्याने आमची बाजू भक्कम आहे. पण शेतकऱ्याला वर्ग समजेल असं आम्ही कुठे लिहिलं होतं? वॉरंटी कार्डावर बारीक टायपात, इंग्रजीत. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानलं. बियाण्यांसाठी वेगळा कायदा आहे म्हणून त्याने ग्राहक मंचात येऊ नये, हा बियाणे कंपन्यांचा बचाव मोडून काढला. तो निकाल वाचल्यावर मी वॉरंटी कार्ड नव्याने लिहायला घेतलं. मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि वरच्याच ओळीत: कुठल्या दाबाला कुठला पाइप. छपाईचा खर्च वाढला म्हणून कुरकुर झाली. पण त्यानंतर तशा तक्रारी कमी झाल्या हे माझ्याच नाही, मार्केटिंगच्याही नजरेला आलं. न लागलेल्या खटल्याचं बिल येत नाही, म्हणून अशा कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही. पगारवाढीच्या वेळी मला हे दर वर्षी नव्याने समजावून सांगावं लागतं.

कायदाही एका जागी थांबत नाही. 1 ऑगस्ट 2014 रोजी दशरथ राठोड खटल्याचा निकाल आला आणि चेक ज्या बँकेवर काढला तिथल्याच कोर्टात खटला चालेल असं ठरलं. आमच्यासारख्यांच्या फाइली जळगावहून अकोला, खंडवा, कुठे कुठे जायला निघाल्या. वर्षभरात, जून 2015 मध्ये वटहुकूम आला आणि चेक घेणाऱ्याच्या बँकेचं गाव पुन्हा धरलं गेलं, फाइली परत. 1 जुलै 2024 ला तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यात शंभराचा स्टॅम्प पाचशेवर गेला. बोदवडच्या बाजारात आजही ‘शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेऊ’ असं सहज म्हणतात. आमच्या डीलर कराराचे छापील नमुने मी तेव्हा रद्दीत काढले. 21 नोव्हेंबर 2025 ला 29 कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. हे सगळं शिकायची सक्ती आपल्याकडच्या वकिलांवर नाही. कंपनी सेक्रेटरींना त्यांची संस्था दरवर्षी अभ्यासाचे गुण मिळवायला लावते. इंग्लंडमधले सॉलिसिटर 2016 पासून ठरावीक तास भरण्याऐवजी आपण काय शिकलो आणि कशात कमी पडतो याचा आढावा घेतात. आमच्यासाठी असं काहीच नाही. कोर्टात जाणारा वकील निदान बार रूममध्ये कानावर पडलेलं ऐकतो. कंपनीतला वकील एकटा असतो. मी म्हणून महिन्यातून एकदा मुद्दाम भुसावळला जाते, जुन्या सहकाऱ्यांकडे बसते. तिथली एक दुपार कुठल्याही ऑनलाइन कोर्सपेक्षा जास्त शिकवते, असं माझं ठाम मत आहे.

मोठ्या कंपन्यांचं जग वेगळं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने 1987 मध्ये बेन हाइनमन यांना आणलं आणि कंपनीचा वकील थेट प्रमुखाच्या शेजारी बसायला लागला. मुंबईतल्या मोठ्या समूहांतही आता ‘जनरल कौन्सेल’ हे पद संचालकांच्या बैठकीत असतं. जळगावात मात्र विधी अधिकाऱ्याकडेच एचआरचे कागद, प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र आणि जमलंच तर गेस्ट हाउसचं बिलही येतं. यात गंमत अशी की इथल्या सर्वांत मोठ्या उद्योगाच्या संस्थापकांकडे, वाकोदच्या भवरलाल जैन यांच्याकडे, कायद्याची पदवी होती. वकिली न करता 1963 मध्ये त्यांनी रॉकेल विकायला सुरुवात केली.

आता 2025 च्या एका निकालाकडे येते, कारण आमच्या पेशाची इतकी स्पष्ट व्याख्या आधी कुणी केली नव्हती. त्या वर्षी ईडीने दोन ज्येष्ठ वकिलांना, त्यांनी अशिलाला दिलेल्या सल्ल्यावरून समन्स पाठवलं आणि देशभर गदारोळ झाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून विषय हाती घेतला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपले अमरावतीचे, यांच्या पीठाने 31 ऑक्टोबरला निकाल दिला. वकील आणि अशील यांच्यातल्या गोपनीयतेला संरक्षण मिळालं, ऊठसूट समन्स काढण्याला लगाम बसला. पण त्याच निकालात आमचाही सोक्षमोक्ष लागला: कंपनीतला पगारी वकील कोर्टात वकिली करत नाही, म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 चं संरक्षण त्याला नाही. कंपनीच्या बाहेरच्या कायदेशीर सल्लागाराशी त्याने केलेल्या पत्रव्यवहाराला कलम 134 चं संरक्षण आहे; मालक आणि तो यांच्यात झालेल्या बोलण्याला मात्र नाही. युरोपियन न्यायालयाने स्पर्धा कायद्यापुरतं असंच 2010 मध्ये, अक्झो नोबेल खटल्यात ठरवलं होतं. इंग्लंड-अमेरिकेत कंपनीच्या वकिलालाही ते संरक्षण मिळतं.

याचा रोजच्या कामातला अर्थ सोपा आहे. शेठने मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट उद्या तपास अधिकाऱ्याने विचारली, तर मी ‘हे अशिलाचं गुपित आहे’ म्हणू शकत नाही. निकाल वाचल्यावर मी शेठना तसं सांगितलं. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘मग तुम्हाला सांगायचं तरी कसं?’’ मी म्हटलं, ‘‘सांगा, पण जे सांगायला लाज वाटेल ते करू नका.’’ ते हसले. तरी नाजूक विषयावर लेखी मत हवं असेल तर आता आम्ही बाहेरच्या वकिलांकडून घेतो आणि त्याचा पत्रव्यवहार वेगळ्या फाइलला ठेवतो.

निकालाचा तर्क मला अर्धाच पटतो. पगारावर अवलंबून असणं खरं आहे. पण मोठ्या एकाच अशिलाच्या फीवर ज्याचं घर चालतं, तो बाहेरचा वकील कितीसा मोकळा असतो? मला महिन्याचा पगार ठरलेला मिळतो, चेक टाकला काय आणि न टाकला काय. खटला लढवण्यात माझा एक रुपयाचा फायदा नाही. 2018 पासून तीन लाखांवरच्या व्यापारी वादात, तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर, दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते, आणि तिथे बसून तोडगा काढायला पगारी वकिलाइतका मोकळा माणूस दुसरा नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

लॉ कॉलेजातली मुलं-मुली हल्ली फोन करतात. एक बोदवडचीच आहे, शेवटच्या वर्षाला. ‘‘ताई, कंपनीत लागू की आधी प्रॅक्टिस करू?’’ तिला मी कागदावर हिशोब मांडून दिला. सनद घ्यायला आता साडेसातशे रुपयांच्या वर फी घेता येत नाही, अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशे. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक केलं. तेव्हा सनद आधी घे. 20 मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे. जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीत वकिलाला वकिलीची सात वर्षं लागतात. कंपनीतली वर्षं यात धरत नाहीत. म्हणून पहिली तीन वर्षं कोर्टात काढ, तालुक्याच्या कोर्टात काढलीस तर उत्तम. तिथे साक्षीदार खोटं कसं बोलतो आणि कागद कुठे कमी पडतो हे दिसतं, आणि कंपनीत करार लिहिताना नेमकं तेच आठवतं. त्यानंतर न्यायाधीश व्हायचं नसेल आणि कंपनी पटत असेल तर ये.

तिने विचारलं, ‘‘आणि पगार?’’ मी आकडा सांगितला. ती म्हणाली, ‘‘ताई, एवढा तर माझा मामेभाऊ पुण्यात कॉल सेंटरला कमावतो.’’ तेही खरं आहे. मी तिला पुढच्या सोमवारी फॅक्टरीत बोलावलंय; आधी डिस्पॅचला बसवणार आहे.